साडीच्या सुताची लड विणायला घेतली आहे, अनुभव असतील तर सांगा

मुका_खांब:

भाची न्यू जर्सीहून आली तेव्हा माझ्यासाठी तिथल्या लोकरीच्या दुकानातून दोन लडी घेऊन आली. लेबलवर लिहिलंय: रिसायकल्ड सारी सिल्क, हातानं कातलेलं, मेड इन नेपाळ, १०० ग्रॅम, साधारण ५० मीटर. किंमत विचारल्यावर "मावशी, ते सोड" म्हणाली. सोडलं.

आतापर्यंत माझं सगळं विणकाम अ‍ॅक्रिलिक आणि सुती दोऱ्यावरचं. बाळांची कुंच्या-मोजे, टीव्हीवरचा रुमाल, रुखवतातली तोरणं. हा प्राणी वेगळाच निघाला. राणी, मोरपंखी, हळदी, जांभळा, मध्येच काळा. रंग वीतभरही टिकत नाही. जाडीचा पत्ता नाही. एका ठिकाणी सुतळीएवढं, पुढच्या वितीत शिवणाच्या दोऱ्याएवढं. जरीचे बारीक तुकडे, गवताची काडी, कुठे नुसत्याच दोऱ्यांचा पुंजका. पीळ इतका की लड सोडली की स्वतःभोवतीच गुंडाळते. आणि कुबट वास येतो.

५ नंबरच्या क्रोशाच्या सुईनं खांब, म्हणजे उंच टाके, घालून पाहिले. विणकाम पुठ्ठ्यासारखं घट्ट झालं आणि पुढच्या ओळीत सुई घुसेना. ८ नंबरची जाड सुई घेतल्यावर जरा जमायला लागलं. पंखे, शिंपले, अननस असली नक्षी या सुतावर वाया जाते, इतक्या रंगांत टाका दिसतच नाही. सगळ्यात बरं दिसलं ते एक मुका खांब (खांबाहून आखूड टाका), एक साखळी, आणि पुढच्या ओळीत साखळीच्या घरात मुका खांब. रंग ठिपक्याठिपक्यांनी फुटतात आणि कापडही जरा मऊ राहतं.

आता प्रश्न. रंग जाईल का? हे खरंच रेशीम आहे का? आणि १०० मीटरमध्ये करू काय?

सुलट_उलट:

फोटो टाका हो आधी!

गोधडी:

म्हणजे आपल्याकडच्या साड्यांचं सूत नेपाळला गेलं, तिथून अमेरिकेला, आणि डॉलर मोजून परत सांगलीला. आमच्याकडे माळ्यावर दोन ट्रंका भरून साड्या आहेत. कुणाला हव्यात का? विमानभाडं वेगळं पडेल.

मुका_खांब:

गोधडीताई, हसून घ्या. पण मी सांगलीची हे कुठून कळलं?

गोधडी:

"कुंच्या-मोजे" आणि "रुखवत" एका दमात लिहिणारं माणूस पुण्याच्या अलीकडे राहत नाही.

इचलकरंजीकर:

चर्चेचा धागा आवडला. मी वस्त्रोद्योगातला, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

नाव "साडी सिल्क" असलं तरी अशा लडीत नेसून जुन्या झालेल्या साड्या फारशा नसतात. बहुतेक माल असतो मागावरचा उरलेला. बीमवरचा, म्हणजे मागाच्या रुळावरचा, ताणा (उभे दोरे) संपत आला की शेवटची काही लांबी विणता येत नाही, ती कापून टाकावी लागते. दर बीममागे असा एक झुबका निघतो. शिवाय किनारीची कात्रण, बाण्याचे (आडवे) तुटके दोरे, कांड्यांवर राहिलेलं सूत. हे सगळं पोत्यात भरून विकलं जातं. ते पिंजायचं आणि चरख्यावर किंवा टकळीवर कातायचं. तुमच्या लडीतल्या पुंजक्यांचं मूळ हेच: जिथे जुना दोरा नीट पिंजला गेला नाही, तिथे तो तसाच सुतात शिरला.

पीळ जास्त का? रेशीम मुळात अखंड तंतू. एका कोशातून शेकडो मीटर निघतो. इथे त्याचे बोट-दोन बोटं लांबीचे तुकडे झालेले, वर गुळगुळीत. आखूड आणि निसरडे तंतू एकमेकांना धरून ठेवायचे तर पीळ वाढवण्याशिवाय उपाय नाही. त्यात सूत एकपदरी. दोन पदर उलट दिशेनं एकत्र पिळले असते तर तो पीळ तिथेच शांत झाला असता. एकपदरी सूत कुरकुरतच राहणार. याचा एक परिणाम आत्ताच सांगून ठेवतो: दोन सुयांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलंत तर चौकोन तिरका होईल. क्रोशात हे कमी जाणवतं.

आता रेशीम आहे का ते. वेगवेगळ्या जागचे चार-पाच तुकडे घ्या, चिमट्यात धरा आणि मोरीत किंवा ताटलीवर जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझतं, काळी राख बोटानं चुरते. सुती दोरा किंवा विस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) कागदासारखं भराभर जळतं, राख हलकी करडी. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. गरम मण्याला हात लावू नका, चांगलाच भाजतो.

अर्धवटराव:

गृहिणींना घरात जाळपोळ करायला सांगणारा पहिलाच विणकामाचा धागा. वाचनखूण साठवली.

रेवा_दापोली:

रंगाबद्दल. विणायच्या आधीच धुवा, विणून झाल्यावर नाही. लड चार ठिकाणी सैल बांधा, दोरी इंग्रजी आठच्या आकारात लडीतून ओवून, म्हणजे गुंता होत नाही. थंड पाणी, केस धुवायच्या शाम्पूचे दोन थेंब, चोळायचं नाही, पिळायचं नाही. सोबत पांढऱ्या जुन्या धोतराचा तुकडा त्याच पाण्यात ठेवा. तो रंगला तर पाणी बदला, पुन्हा ठेवा. पांढरा राहिला की थांबा.

सगळे सांगतात तसं व्हिनेगर घालायचं असेल तर घाला, पण ते रेशमावरच्या आम्लरंगांनाच थोडं उपयोगी पडतं. लडीत सुती दोरे असतील तर त्यांच्या रंगाला व्हिनेगरचं काही देणंघेणं नाही. मिठानंही धुपणारा रंग पक्का होत नाही. आमच्या घरी दर नव्या साडीला मिठाच्या पाण्याचा नैवेद्य असतो, चालू द्या.

वाळवताना सावलीत, आणि लडीच्या खालच्या टोकाला काहीतरी हलकं वजन अडकवा. पीळ बराच शांत होईल. उन्हात रेशीम विटतंही आणि कमजोरही होतं.

बंडू_नाशिक:

माझ्या बायकोनं असंच "बनाना सिल्क" म्हणून मागवलं होतं. वर लिहिलेली जळण्याची परीक्षा आत्ता केली. कागदासारखं जळलं. केळही नाही आणि सिल्कही नाही. विस्कोस असावं. दिसायला मात्र चकचकीत, तिचा आवडता झोळा झालाय, त्यामुळे मी हा निकाल घरात जाहीर केलेला नाही.

इचलकरंजीकर:

बंडूशेठ, त्या नावानं विस्कोस सर्रास विकलं जातं. वाईट काही नाही, फक्त ओलं झालं की विस्कोसची ताकद बरीच उतरते. झोळा धुताना ओला असताना ओढू नका, एवढं वहिनींना निकाल न सांगताही सांगता येईल.

लीड्सवासी:

मी यॉर्कशरमध्ये राहते. माझ्या घरापासून जवळच बॅटली नावाचं गाव आहे. चिंध्यांपासून पुन्हा सूत काढायचा कारखानदारी उद्योग तिथूनच सुरू झाला. १८१३ साली बेंजामिन लॉ या माणसानं जुनी लोकरी कापडं फाडून, त्यांचे तंतू ताज्या लोकरीत मिसळून कातले. त्या मालाला शॉडी म्हणत. पुढे बॅटली आणि शेजारचं ड्यूझबरी यांची भरभराट त्यावरच झाली. युरोपभरातून चिंध्या इथे यायच्या. फाडणाऱ्या दातेरी यंत्राला लोक "डेव्हिल" म्हणायचे.

अवांतर: जी धूळ आणि अगदी आखूड तंतू कातायच्याही लायकीचे नसत, ते जायचे ऱ्हुबार्ब या आंबट देठांच्या भाजीच्या शेतात खत म्हणून. लोकरीतला नायट्रोजन हळूहळू सुटतो. वेकफील्डच्या आसपासचा भाग आजही ऱ्हुबार्बसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे कुणाचा तरी जुना कोट शेवटी कुणाच्या तरी मुरंब्यात.

इचलकरंजीकर:

वा, ऱ्हुबार्बचं माहीत नव्हतं!

त्या धंद्याचं आजचं मोठं केंद्र आपल्या देशात आहे, पानिपत. परदेशातले जुने कपडे कांडला बंदरातून येतात. पुन्हा कपडे म्हणून विकले जाऊ नयेत म्हणून जो माल चिंधी म्हणून आणतात तो कापून, फाडून आणावा लागतो. मग बटणं, चेन, अस्तर काढायचं आणि रंगावर वेगळं करायचं. लाल ढिगात लाल, निळ्यात निळा. त्यामुळे पुष्कळदा सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, आणि पाण्याची मोठी बचत इथेच होते. मग यंत्रात फाडून, पिंजून सूत. त्यातून घोंगड्या. भूकंप-पूर आला की मदत म्हणून जी करडी-तपकिरी ब्लँकेटं वाटली जातात, ती वर्षानुवर्षं बहुतेक तिथलीच. अलीकडे मऊ पॉलिएस्टर ब्लँकेटांनी तो बाजार बराच खाल्ला. होजियरीच्या सुती कात्रणांपासून सूत काढणं मात्र जोरात आहे.

दुसऱ्या फेरीचं सूत पहिल्या फेरीइतकं बळकट होत नाही, कारण फाडताना तंतू तुटून आखूड होतो. म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळतात. "१०० टक्के रिसायकल्ड" असं लिहिलेलं गुळगुळीत, बारीक, मजबूत सूत दिसलं की मी लेबल दोनदा वाचतो.

अर्धवटराव:

पानिपतावर मराठी माणसाच्या चिंध्या झाल्या हे शाळेत शिकलो होतो. अजून चालू आहे हे माहीत नव्हतं.

मुका_खांब:

सगळ्यांचे आभार. बातमीपत्र देते.

जाळपोळ झाली. बहुतेक तुकड्यांना केसांचा वास, एक कागदासारखा जळला, आणि जरीच्या तुकड्याचा मणी झाला. म्हणजे रेशीम आहे, पण एकटं नाही. इस्त्री गरम लावायची नाही हे त्यावरून मीच ठरवलं.

मग धुणं. राणी रंगानं पाणी असं काही सोडलं की बादलीत कुणी गुलाल ओतलाय वाटावं. पाणी बदलत गेले, धोतराचा तुकडा गुलाबीच. शेवटी संध्याकाळी तो पांढरा राहिला. दोन मोत्यं गळाली म्हणावं की खुर्दा, ते अर्धवटरावांनी ठरवावं. पण लडीकडे बघून काही गेलंय असं वाटत नाही. कुबट वास गेला, पीळही शांत झाला. रेवाताई, वजन म्हणून खलबत्त्यातला बत्ता बांधला होता.

एका लडीची बाजाराची पिशवी विणली. दिसायला देखणी. दोन किलो बटाटे घातले आणि पिशवी गुडघ्यापर्यंत आली. बटाटे काढले तरी वर जाईना.

रेवा_दापोली:

रेशमाला लोकरीसारखी लवचीकता नाही. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, ताणला की परत येतो. रेशीम ताणलं की तिथेच राहतं, वर ते वजनदार. म्हणून या सुताचा स्वेटर कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत. खांद्यावरून लोंबेल. पिशवीला आतून घट्ट सुती अस्तर लावा, आणि पट्टा विणू नका, निवारीचा शिवा. भार अस्तरावर आणि पट्ट्यावर गेला पाहिजे, विणकामानं फक्त मिरवायचं.

सुलट_उलट:

सोलापुरी चादरीचा जुना तुकडा अस्तराला उत्तम. मी तसंच करते. आणि फोटो??

गोधडी:

आता माझं ऐका. एवढी यातायात न करता घरच्या साडीचं सूत करा. आमच्याकडे सुती साड्या आणि लुगडी आहेत, त्यांच्या आजवर वाकळीच झाल्या. गेल्या पावसाळ्यात एक क्रोशासाठी फाडली.

हिशेब असा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. दोन्हीकडचे काठ काढून टाकले की मधला पन्ना अंदाजे १०० सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या केल्या तर ५०. ५० गुणिले साडेपाच म्हणजे २७५ मीटर. नऊवारी असेल तर ४०० च्या वर. साडीचं वजन साडेचारशे ग्रॅम धरलं तर १०० ग्रॅमला ६० मीटर पडतात, म्हणजे भाचीच्या लडीच्या आसपासच. डॉलर शून्य.

फाडायची अशी: लांबीच्या बाजूनं पट्टी फाडत जायचं, पण शेवटी दोन बोटं सोडून थांबायचं. पुढची पट्टी उलट्या टोकाकडून सुरू करायची, तिथेही शेवटी दोन बोटं सोडायची. असं नागमोडी गेलं की अख्ख्या साडीची एकच पट्टी होते, गाठ नाही. वळणावर जे चौकोनी कोपरे राहतात ते कात्रीनं गोल करा, नाहीतर विणताना शिंगं बाहेर येतात. सुती साडी सरळ फाटते. जॉर्जेटला कात्रीच लागते. आणि हे काम गॅलरीत करा. जो काय भुगा उडतो! शिंकून शिंकून जीव जातो, नाकाला पदर बांधायचा.

पट्टी तुटलीच तर गाठ मारू नका. दोन्ही टोकांना बारीक चीर द्या, नवी पट्टी जुनीच्या चिरेतून ओवा, मग नव्या पट्टीचं दुसरं टोक तिच्याच चिरेतून काढून ओढा. जोड सपाट बसतो.

स्मिता_ठाणे:

आईची साडी अशी टराटरा फाडायला माझा हात धजणार नाही. लोकांना कसं जमतं?

गोधडी:

जी विरली तीच फाडायची. पदर उजेडात धरा. आरपार खिडकी दिसली तर तिचं नेसणं संपलं. आमच्याकडे ती आधी लंगोट व्हायची, मग फडकं, मग वाकळीच्या पोटात. त्यात अडकायचं काय?

बंडू_नाशिक:

आमच्या आईनं सगळ्या जरीच्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलचे डबे घेतले. त्या साड्या आत्ता मिळाल्या असत्या तर!

इचलकरंजीकर:

बोहारणीचा हिशेब तुमच्या आईच्या हिशेबापेक्षा पक्का असणार. जुन्या अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चपटी केलेली चांदीची तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. अशा साड्या वजनावर घेऊन जाळायच्या आणि चांदी काढायची, हा जुना धंदा. तेव्हा जुनी भरजरी साडी फाडायच्या किंवा द्यायच्या आधी सराफाला काठ दाखवा. आताच्या बऱ्याच जरीत प्लास्टिकची चकाकती पट्टी असते. मुका_खांब यांच्या ताटलीत जिचा मणी झाला तीच.

स्मिता_ठाणे:

मग डॉलर देऊन हे नेपाळी सूत घेण्यात काही अर्थ आहे की नाही? इतका प्रवास करून आलेली वस्तू पर्यावरणपूरक कशी, हे मला तरी पटत नाही.

लीड्सवासी:

प्रवासाचा मुद्दा बरोबर. पण पिंजणं आणि कातणं हे हातकाम आहे आणि त्याची मजुरी कुणाला तरी मिळते. घरी साडी फाडून जे मिळतं ती पट्टी, कातलेलं सूत नव्हे. दोन्ही विणल्यावर वेगळी दिसतात. मला इथे ओल्या थंडीत पट्टीची वस्तू वाळतच नाही, सुताची वाळते.

मुका_खांब:

मला विचाराल तर भेट म्हणून आलं तर घ्यावं, स्वतः मागवणार नाही. पण हातात घेऊन विणायला मजा येते हेही खरं. पुढचा रंग कोणता येईल या उत्सुकतेनं मी जेवायची वेळ चुकवलीय.

पिशवीला सोलापुरी अस्तर आणि निवारीचा पट्टा लावला. आता बटाटे, कांदे काही घाला, जागची हलत नाही. दुसऱ्या लडीचं पूजेचं आसन करतेय. सहा मुक्या खांबांचं वर्तुळ, मग प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे: १२, १८, २४. सहा-सात फेऱ्या छान सपाट झाल्या, आता कडा वाटीसारख्या वर यायला लागल्यात. मोजणी बरोबर आहे, तीनदा बघितली. आणि सूत अर्ध्याच्या वर संपलंय, आसन अजून ताटलीएवढं. काय करू?

रेवा_दापोली:

मोजणी बरोबर असली तरी या सुताची जाडी बदलते ना. बारीक सूत आलं की फेरी आखडते. कडा वर आल्या तर त्या फेरीत सहाऐवजी आठ वाढवा. उलट लाटा पडायला लागल्या तर एक फेरी न वाढवता विणा. आकड्यापेक्षा दर फेरीला ते जमिनीवर ठेवून बघत जा. वाढ एकाच रेषेत घेऊ नका, जरा मागेपुढे सरकवा, नाहीतर गोलाचा षट्कोन होईल.

गोधडी:

आणि सूत संपलं की पुढच्या फेऱ्या साडीच्या पट्टीनं घाला. काळी किंवा गडद निळी सुती साडी शोधा, रंगीत मधला भाग उठून दिसेल. पट्टी सुताइतकीच जाड हवी. आधी साखळीच्या दहा घरांचा नमुना दोन्हींचा विणून लांबी मापा, जुळेपर्यंत पट्टीची रुंदी कमीजास्त करा. माझ्याकडे काळं इरकल आहे, पदर विरलेला. सांगलीला येणारं कुणी असेल तर पाठवते.

इचलकरंजीकर:

रविवारी मिरजेला येतोय. तुम्ही कोल्हापूरच्या असाल तर वाटेत घेतो.

गोधडी:

कोल्हापूरची हे कुठून कळलं?

सुलट_उलट:

अहो, तो फोटो!!!